जुन्या जीपचा मऊ ब्रेक : हवा काढण्याआधी काय पाहावे

ब्रेकवर पाय ठेवला की पेडल प्रतिकार न करता आत जात राहते, पायाखालच्या फळीच्या जवळ पोहोचते आणि लागोपाठ दोन-तीनदा दाबले तरच वर येऊन गाडी धरते, ही तक्रार आमच्या बेळगाव-खानापूर भागात पावसाळा सरत आला की हमखास ऐकू येते. जांबोटी, कणकुंबी, नेरसे या बाजूला जुन्या जीप अजूनही शेताच्या आणि जंगलाच्या वाटांवर राबत असतात. काजूची पोती, खताच्या बॅगा, जनावरांचे खाद्य आणि वेळ पडली तर आजारी माणूस, हे सगळे त्यांच्यावरच असते. या तक्रारीवर गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच उत्तर तयार असते : "ब्रेक ऑइलमध्ये हवा धरली असणार, एअर काढू." हवा काढल्यावर पेडल थोडे सुधारते, मालक समाधानाने घरी जातो आणि काही दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हा लेख त्यासाठीच आहे. चारही चाकांना ड्रम (चाकाबरोबर फिरणारे डब्यासारखे भांडे) असलेल्या जुन्या जीपमध्ये मऊ पेडलचे कारण हवा असू शकते, पण अनेकदा खरा दोष ड्रम आणि त्याला आतून घासणारे लायनर यांच्या बसणीत असतो, आणि तो तपासल्याशिवाय ब्रेक ऑइलच्या बाटल्या रिकाम्या करण्यात अर्थ नाही.

ज्या गाडीच्या अनुभवावरून लिहीत आहे ती आमच्या घरची, १९८०च्या दशकातली डिझेल जीप आहे. तिची ठेवण १९५३ साली अमेरिकेत आलेल्या विलीज सीजे-३बी जीपच्या वळणाची आहे. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, त्यामुळे पायाचा जोर जसाच्या तसा ब्रेकपर्यंत जातो. पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायांखाली, फळीच्या खालच्या बाजूला चासिसवर बसवलेला आहे आणि ब्रेक ऑइल भरण्यासाठी फळीतील छोटे झाकण उघडावे लागते. ओढ्यातले पाणी, तांबडी माती, शेणकाला, सगळे त्याच्यावर उडते. बॉनेट उघडून ऑइलची पातळी पाहण्याची सोय नसल्यामुळे वर्षानुवर्षे ते झाकण न उघडलेल्या जीप मी पाहिल्या आहेत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चारही चाकांना ऑइलचे एकच सर्किट आहे. एका चाकाचा होज पाइप (रबरी नळी) फुटला, तर चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट सक्तीचे झाले, त्यामागचे कारण हेच होते. अशा गाडीत मऊ पेडल चालवून घेणे योग्य नाही.

तपासणीची सुरुवात पान्याने नव्हे, पायाने करावी. इंजिन बंद ठेवून सपाट जागी पेडल हळू दाबावे आणि ते काय सांगते ते नीट अनुभवावे. पेडल खूप खाली जाऊन मग घट्ट लागत असेल, तर शू (लायनर बसवलेले लोखंडी कमानीसारखे तुकडे) ड्रमपासून लांब गेले आहेत, म्हणजे अ‍ॅडजस्टमेंटचे काम आहे. पेडल लवकर लागते, पण दाब वाढवला की आणखी दबत जाते आणि सोडताना पायाला मागे ढकलते, असे असेल तर कुठेतरी काहीतरी लवचिक आहे. ती हवा असेल, फुगणारा होज असेल किंवा वाकणारा शू असेल. पेडल घट्ट लागल्यावर पाय तसाच दाबून धरला आणि ते संथपणे खाली उतरत गेले, तर ऑइल बाहेर गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरमधल्या रबरी कपाला ओलांडून आतल्या आत मागे जाते आहे. बाहेर कुठेही ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरवरच संशय घ्यावा. पेडल उत्तम घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, हा प्रकार वेगळा आहे. त्यात लायनर चकाकलेले, भिजलेले किंवा तेलकट असतात, आणि त्यावर हवा काढून काहीही साध्य होत नाही.

यानंतर एका माणसाला पेडल दाबायला बसवून आपण गाडीखाली जावे. पेडलच्या शाफ्टचा बुश झिजला आहे का, पुशरॉडच्या (पेडलचा जोर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनकडे नेणाऱ्या दांड्याच्या) पिनेचे छिद्र लांबट झाले आहे का, मास्टर सिलिंडरचे बोल्ट ढिले आहेत का, ज्या पट्टीवर तो बसला आहे तिला चीर गेली आहे का, हे डोळ्यांनी दिसते. पेडलच्या रचनेमुळे पुशरॉडपाशी वाया गेलेला १ मिमी पायाखाली पाच-सहा मिमी होतो, त्यामुळे हे किरकोळ वाटणारे खेळ एकत्र येऊन बराच फरक पाडतात. मात्र सगळाच खेळ काढून टाकू नये. पेडलला सुरुवातीला सुमारे १२ मिमी मोकळी चाल हवीच, कारण तेवढ्यात पिस्टन पूर्ण मागे येऊन ऑइलच्या टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडे राहते. ही चाल काढून पेडल "वर आणणारे" लोक आहेत. त्याने छिद्र झाकले जाते, तापलेल्या ऑइलला परत जायला वाट राहत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जाऊन घाटात चाके जाम होतात.

आता ड्रमकडे येऊ, कारण खरे गणित इथे आहे. चार चाकांत मिळून आठ शू आणि त्यांना ढकलणारे, व्हील सिलिंडरमधले आठ छोटे पिस्टन. सोयीसाठी मास्टर आणि व्हील सिलिंडरचा व्यास सारखाच धरला आणि प्रत्येक पिस्टनला ड्रमपर्यंत पोहोचायला फक्त अर्धा मिमी जास्त जावे लागते असे मानले, तर मास्टरच्या पिस्टनला आठ गुणिले अर्धा, म्हणजे ४ मिमी जास्त ढकलावे लागेल. पेडलपाशी त्याचे सहा पटीने २४ मिमी होतात. ऑइलमध्ये हवेचा एकही बुडबुडा नसताना पेडल जवळजवळ एक इंच खाली गेले! आजच्या अनेक गाड्यांत ड्रमची अ‍ॅडजस्टमेंट आपोआप होते, म्हणून नव्या पिढीतील मेकॅनिकांना ही गोष्ट चटकन सुचत नाही. जुन्या जीपमध्ये मात्र ड्रममागच्या प्लेटवरील एक्सेंट्रिक (फिरवल्यावर शूला ड्रमकडे सरकवणारा बोल्ट) हाताने फिरवूनच शू जवळ आणावे लागतात, आणि चिखलात चालणाऱ्या गाडीत ते वारंवार करावे लागते. चाक उचलून ते पुढच्या दिशेने हाताने फिरवत राहावे, एक्सेंट्रिक चाक अडेपर्यंत फिरवावा आणि मग चाक जेमतेम मोकळे होईल इतकाच मागे घ्यावा. एका चाकाला दोन शू, म्हणजे दोन एक्सेंट्रिक, हे लक्षात ठेवून दोन्ही बाजू कराव्यात.

हवा आणि शू यांत फरक करण्याची एक सोपी चाचणी आहे. सर्व एक्सेंट्रिक फिरवून चारही चाके पूर्ण जाम करावीत, म्हणजे शू ड्रमला आधीच टेकलेले राहतील, आणि मग पेडल दाबावे. पेडल वर आणि घट्ट लागले, तर हायड्रॉलिक भाग ठीक आहे आणि दोष अ‍ॅडजस्टमेंटचा होता. तरीही दबत असेल, तर पुढची पायरी म्हणजे मास्टर सिलिंडरच्या तोंडाला योग्य आट्यांचा बंद प्लग लावून पेडल पाहणे. या अवस्थेत ते दगडासारखे घट्ट हवे. तसे लागले तर मास्टर संशयातून सुटला. मग मागची लाइन जोडून पुढची बंद ठेवावी, नंतर उलट करावे. रबरी होजवर चिमटा आवळून हेच काम करणारे लोक आहेत, पण जुन्या होजचा आतला थर त्याने चिरतो, त्यामुळे मी प्लगचाच मार्ग धरतो.

आमच्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर घट्ट निघाला, मागची लाइनही घट्ट निघाली, आणि पुढची जोडताच पेडलला पुन्हा तो स्प्रिंगसारखा दबाव आला. हवा निघून गेली होती, होज नवे होते, गळती नव्हती. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत लेथचे काम करणारे एक वयस्कर चाचा आहेत. पुढचे ड्रम उतरवून त्यांच्यापुढे ठेवल्यावर त्यांनी शू उजेडाकडे धरला आणि अंगठा लायनरवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. लायनरच्या मधोमध चार बोटे रुंदीचा पट्टा काळा, चकचकीत झाला होता. दोन्ही टोकांना मात्र लायनरचा मूळ करडा, खरबरीत पृष्ठभाग जसाच्या तसा होता. ते म्हणाले, "हवा न्हवं ओ ही. लायनर मधीच टेकतंय, कडंला टेकतंच न्हाई, बघा की."

कारण असे. ड्रम पूर्वी कधीतरी लेथवर टर्न केलेला, म्हणजे आतून कातलेला होता, त्यामुळे त्याचा व्यास वाढला होता. शहरातल्या एका दुकानातून बसवून आणलेले नवे लायनर मात्र मूळ व्यासाच्या गोलाईचे होते. मोठ्या गोलात लहान गोलाई ठेवली की ती फक्त मध्यभागी टेकते. पेडल दाबले की व्हील सिलिंडर शूचे वरचे टोक ढकलतो, पण त्या टोकाला ड्रम भेटत नाही, म्हणून लोखंडी शू स्वतः वाकून उघडत राहतो, आणि पाय सोडला की परत मिटतो. चालकाला ते हुबेहूब हवेसारखेच वाटते. अशा गाडीची हवा कितीही काढली तरी उपयोग नसतो, हे उघड आहे. हजार-दोन हजार किलोमीटर चालून लायनर झिजले की ते आपोआप ड्रमच्या आकारात येतात आणि पेडल सुधारते, असा सल्लाही मिळतो. तो खोटा नाही, परंतु ज्या गाडीला त्याच काळात चोर्ला घाट उतरायचा आहे, तिच्यासाठी तो धोक्याचा आहे.

उपाय लेथवरच होतो. आधी ड्रम आतून मोजावा, तोही निदान दोन-तीन ठिकाणी, म्हणजे अंडाकृतीपणाही कळतो. मूळ व्यासापेक्षा सुमारे १.५ मिमीहून मोठा झालेला ड्रम वापरू नये असा वर्कशॉपांतला संकेत आहे. तेवढा पातळ झालेला ड्रम लवकर तापतो, फाकतो आणि तडकू शकतो. ड्रम चांगला असेल तर त्याच्या मापाचे, किंचित जाड लायनर बसवून ते शूसकट टर्न करून ड्रमच्या गोलाईला आणावेत. बेळगावात फाउंड्री आणि लेथचे काम पिढ्यानपिढ्या चालत आलेले असल्यामुळे हे करून देणारे कुशल कारागीर सापडतात, ही आमच्या भागाची मोठी सोय आहे. काम झाल्यावर खात्री करण्यासाठी ड्रमच्या आतल्या बाजूला पांढरा खडू फिरवावा, शूला ड्रममध्ये हाताने टेकवून थोडे पुढे-मागे सरकवावे आणि लायनरवर खडू कुठे उमटला ते पाहावे. टोकापासून टोकापर्यंत पांढरी छटा आली की बसण जमली. शेवटी शूच्या खालच्या बाजूचे अँकर पिनही (ज्यांवर शूचे खालचे टोक टेकते ते) पाहावेत. या जुन्या रचनेत तेही एक्सेंट्रिक असतात आणि शू वर-खाली कुठे बसेल ते ठरवतात. सीजे मालिकेच्या ९ इंची ड्रमसाठी शूच्या खालच्या टोकाला ०.००५ इंच आणि वरच्या टोकाला ०.००८ इंच, म्हणजे अनुक्रमे सुमारे ०.१३ आणि ०.२० मिमी फट ठेवण्याची पद्धत आहे. हे पिन एकदा चुकीच्या जागी आवळले गेले, तर वरून कितीही अ‍ॅडजस्टमेंट केली तरी पेडल सरळ होत नाही.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने धूळ उडवण्याची आपल्याकडची सवय फुप्फुसांसाठी घातक आहे. साबणाच्या पाण्याने ओले करून पुसावे. गॅरेजमधल्या पोरसवदा मुलांसाठी तरी हे आवर्जून सांगावे.

होजविषयी थोडक्यात. मदतनीसाने पेडल जोरात दाबलेले असताना होज बोटांच्या चिमटीत धरावा; फुगल्याचे बोटांना जाणवले तर तो बदलावा, बाहेरून कितीही चांगला दिसला तरी. लोखंडी पाइप गंजला असेल, तर तयार ब्रेक पाइप दुहेरी फ्लेअर करूनच (टोक दुमडून पसरवून) बसवावा. फ्रिजची तांब्याची नळी वापरण्याचा मोह काही ठिकाणी दिसतो. धक्क्यांनी तांबे कडक होत जाते आणि फ्लेअरपाशी तडकते, आणि एकाच सर्किटच्या गाडीत त्याचा अर्थ काय होतो ते वर आलेच आहे.

हे सारे झाल्यावर हवा काढावी. अमेरिकन पुस्तकांत मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात करायला सांगितलेले असते, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो. आपल्या गाडीत मास्टर उजवीकडे असल्याने सर्वसाधारणपणे मागचे डावे चाक सर्वांत लांब पडते, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. ब्लीडर निप्पलवर (व्हील सिलिंडरमधली हवा बाहेर सोडण्याच्या छोट्या तोटीवर) पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवून ठेवावे. पेडल हळू दाबावे आणि हळूच सोडावे. भराभर मारल्याने हवा बारीक फेसात मोडते आणि मग लवकर निघत नाही. फळीखालच्या मास्टरची टाकी लहान असते, म्हणून प्रत्येक चाकाच्या मध्येमध्ये झाकण उघडून ऑइल भरत राहावे, नाहीतर वरून नवी हवा आत जाते. एक खबरदारी फार मोलाची आहे. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ते फळीपर्यंत जाऊ देऊ नये. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन रोज जेवढा चालतो तेवढाच भाग गुळगुळीत असतो. त्यापुढच्या गंजलेल्या भागावर कप गेला की त्याची कड कापली जाते, आणि हवा काढण्यापूर्वी चांगला असलेला मास्टर हवा काढल्यानंतर निकामी होतो. ब्लीडर निप्पल सिलिंडरच्या वरच्या अंगाला आहे ना, हेही पाहावे. डावी-उजवी अदलाबदल होऊन निप्पल खाली गेले, तर वर अडकलेली हवा कधीच निघत नाही.

ऑइलच्या बाबतीत आमच्या भागात विशेष काळजी हवी. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि मलप्रभेच्या उगमाजवळच्या कणकुंबी परिसरात पावसाळ्याचे महिने सगळी हवाच ओली असते. डॉट ३ या प्रतीच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २०५ अंश सेल्सिअस असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की मानकाप्रमाणे तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ड्रम तापल्यावर व्हील सिलिंडरमध्ये ऑइल उकळले की वाफ तयार होते, वाफ दबते आणि पेडल खाली जाते. खाली गोव्यातल्या साखळी गावाला पोहोचून अर्धा तास थांबले की सगळे पूर्ववत होते आणि दोष सापडतच नाही. ब्रेक फक्त घाटात मऊ होत असेल, तर प्रथम सगळे ऑइल बदलावे, आणि उतरताना ज्या गिअरवर घाट चढलो असतो त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरवर उतरावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल वेगळे आहे, ते यांत मिसळू नये. कप धुण्यासाठी डिझेल किंवा पेट्रोल मुळीच वापरू नये, इंजिन ऑइलचा थेंबही टाकीत जाऊ देऊ नये. त्याने रबर फुगते. कप ब्रेक ऑइलनेच धुवावेत.

ड्रममध्ये ओल दिसली तर ती कशाची आहे, हे ठरवणेही गरजेचे आहे. वाटीत पाणी घेऊन त्यात तो थेंब टाकावा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळते, म्हणजे व्हील सिलिंडर गळतो आहे. तेलाचा तवंग वर तरंगला आणि गंधकासारखा उग्र वास आला, तर ते अ‍ॅक्सलचे गिअर ऑइल आहे आणि ऑइल सील बदलायला हवे. दोन्ही प्रकारांत भिजलेले लायनर टाकून द्यावेत. ओढ्यातून गाडी काढल्यावर काही काळ ब्रेक लागत नाही, तो मात्र दोष नव्हे. हलका ब्रेक लावत थोडे अंतर चालवले की ड्रम तापून सुकतात.

आमच्या जीपचे पेडल आता वरच्या तिसऱ्या हिश्श्यातच घट्ट लागते. पुढचे काम दुहेरी सर्किटच्या मास्टर सिलिंडरचे आहे. त्यासाठी फळीखालच्या जागेत दोन कप्प्यांचा, शक्यतो मूळच्याच व्यासाचा मास्टर बसेल अशी पट्टी तयार करावी लागेल, पुढच्या आणि मागच्या लाइन वेगळ्या ओढाव्या लागतील, आणि ड्रम ब्रेकसाठी दोन्ही लाइनमध्ये थोडा दाब शिल्लक ठेवणारा व्हॉल्व्ह आहे की नाही ते पाहावे लागेल. तो नसेल तर पेडल सोडल्यावर कपांच्या कडा सैल पडून त्यांच्या बाजूने हवा आत येऊ शकते. तोवर हँडब्रेक व्यवस्थित ठेवला आहे. या जीपमध्ये तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना इंजिनची ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो, आणि फोर व्हील जोडलेले असेल तर चारही चाके धरतो. त्याचा छोटा ड्रमही त्याच वेळी उघडून घेतला; आतले लायनर गिअर ऑइलने भिजलेले होते, म्हणून सील आणि लायनर दोन्ही बदलले.